आलिशान गाड्या आणि अमेरिकेतला मायलेजचा दंड

मिशिगनकर

4 जुलै 2025 ला अमेरिकेत जो भलामोठा कर आणि खर्चाचा कायदा झाला, त्यात मोटारींबद्दल एक छोटंसं कलम आहे. करकपात आणि मेडिकेडच्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) गदारोळात त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. कंपनीच्या गाड्यांचं सरासरी मायलेज सरकारी निकषापेक्षा कमी पडलं तर जो दंड भरावा लागायचा, त्याचा दर या कलमाने शून्य डॉलर केला, तोही मागे जाऊन, 2022 च्या मॉडेल वर्षापासून. निकष या कलमाने काढले नाहीत. मोजणी होणार, अहवाल जाणार, फक्त कमी पडलं तर भरायचं काही नाही.

मी डेट्रॉइटजवळ इंजिन कॅलिब्रेशनचं काम करतो. गॅलनमागे अर्धा मैल वाढवायला टीमचे किती महिने जातात ते रोज बघतो, त्यामुळे हे कलम वाचून फार वाईट वाटलं. पण धागा काढण्याचं कारण थोडं वेगळं आहे. महागड्या गाड्या विकणाऱ्या कंपन्यांना हा दंड आधीही कधी टोचला नव्हता. ते आकड्यांनिशी मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

1973 च्या तेलकोंडीत इथे पंपांवर मैलभर रांगा लागल्या. त्यातून 1975 चा ऊर्जा धोरण व बचत कायदा आला आणि त्या कायद्यातून 'कॅफे', म्हणजे कॉर्पोरेट अ‍ॅव्हरेज फ्युएल इकॉनॉमी. निकष एकेका गाडीला नाही, तर कंपनीने त्या वर्षी अमेरिकेसाठी काढलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीला. 1978 च्या मॉडेलना गॅलनला 18 मैल आणि 1985 पर्यंत 27.5, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत लिटरला साधारण 11.7 किलोमीटर. जेवढी सरासरी कमी पडेल त्यातल्या दर 0.1 मैलामागे, विकलेल्या दर गाडीला 5 डॉलर दंड. 1997 मध्ये तो साडेपाच झाला आणि पुढची दोन दशकं तिथेच राहिला.

आता हिशोब करा. एखाद्या जर्मन कंपनीची सरासरी तब्बल 5 मैलांनी कमी आहे. 50 गुणिले साडेपाच, म्हणजे गाडीमागे 275 डॉलर. गाडी 80 हजार डॉलरची. तिच्या मेटॅलिक रंगाचेच याहून जास्त पैसे घेतात. पाच मैल भरून काढायचे तर इंजिन लहान करा, वजन उतरवा, गिअरबॉक्स बदला. त्याचा गाडीमागचा खर्च हजारांत जातो आणि गिऱ्हाईक नाराज होण्याची भीती वेगळी. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, जॅग्वार, पोर्शे, व्होल्व्हो यांनी सरळ चेक लिहिले, आणि तेही वर्षानुवर्षं. 1983 पासूनच्या दोन दशकांत सगळ्या कंपन्यांनी मिळून 50 कोटी डॉलरहून जास्त दंड भरला, त्यातला बहुतेक वाटा युरोपीय कंपन्यांचा. 2006 च्या मॉडेल वर्षासाठी डेमलर-क्रायस्लरने (मर्सिडीजची तेव्हाची मालक कंपनी) आयात गाड्यांवर सुमारे 3 कोटी डॉलर भरले, तेव्हा तो मोठा आकडा वाटला होता.

त्या काळात टोयोटा, होंडाने काहीच भरलं नाही. टोयोटाची महागडी लेक्सस काही कमी पेट्रोल पीत नव्हती, पण तिच्यासोबत लाखो कोरोला विकल्या जात होत्या.

यात कुणी चोरी केली असं माझं म्हणणं नाही. कायद्यानेच दार ठेवलं होतं, त्यातून ते गेले. मला प्रश्न पडतो तो दाराच्या आकाराचा. तुमची मतं वाचायला आवडतील, विशेषतः युरोपात किंवा पुण्याच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांची.

तळजाई

उत्तम विषय. सरासरी कशी काढतात? 10 देणारी एक आणि 40 देणारी एक गाडी विकली तर 25 धरतात का? तसं असेल तर दोन-चार छोट्या गाड्या विकून कुणीही सुटेल.

मिशिगनकर

नाही, तळजाई. दोन्ही गाड्या 40 मैल पळवा. पहिलीला 4 गॅलन लागतात, दुसरीला 1. 80 मैलांना 5 गॅलन, सरासरी 16. पद्धत हीच आहे, आणि योग्य आहे, कारण शेवटी जळलेलं तेल मोजायचंय. त्यामुळे एक खादाड गाडी सरासरीला फार खाली ओढते. फक्त महागड्या गाड्या विकणाऱ्या कंपनीकडे ती वर उचलायला काहीच नसतं.

आणखी एक. हे मायलेज 1970 च्या दशकातल्या चाचणीपद्धतीने प्रयोगशाळेत मोजलेलं असतं. शोरूममध्ये काचेवर चिकटवलेला आकडा त्याहून बराच कमी असतो. बातम्यांमधल्या निकषाची तुलना आपल्या गाडीशी करताना हे ध्यानात ठेवा.

चाकणकर

मग यात टाटांची गोष्ट यायलाच हवी.

जॅग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडे होत्या तेव्हा त्यांचं मायलेज फोर्डच्या हिशोबात मिसळत होतं. फोर्डने 1990 च्या आसपास जॅग्वार घेतली, 1999 मध्ये व्होल्व्होच्या मोटारी, 2000 मध्ये लँड रोव्हर. मोठ्या घराची छत्री होती. जून 2008 मध्ये टाटा मोटर्सने 2.3 अब्ज डॉलरना जॅग्वार-लँड रोव्हर घेतली आणि छत्री गेली. एका बाजूला रेंज रोव्हर, दुसऱ्या बाजूला एक्सजे, आणि सरासरी उचलायला कुणी नाही. पुढे अमेरिकेत दंड भरणाऱ्यांच्या यादीत हे नाव वारंवार आलं.

तेव्हा आमच्या ग्रुपमध्ये बरेच जण विचारायचे, टाटांकडे नॅनो आहे, इंडिका आहे, त्यांचं मायलेज का धरत नाहीत? कारण कॅफे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांचीच होते. नॅनो भारतात लाखांनी खपली असती तरी तिकडे एक दशांशही वाढला नसता. 2009 मध्ये जिनिव्हाला नॅनोचं युरोपीय रूप दाखवलं होतं, ते कधी बाजारात आलं नाही.

माझ्या मते या कंपनीवर टीका करताना एवढं तरी मान्य करावं की हाच माल, हीच इंजिनं, मालक बदलला म्हणून दंडास पात्र झाली. पेट्रोल आधीही तेवढंच जळत होतं.

सुमेधा

चाकणकर, तुमचा शेवटचा मुद्दा मला पटला आणि तो पोर्शेलाही उलट बाजूने लागू आहे. पोर्शे स्वतंत्र होती तोवर तिचा हिशोब वेगळा. 2012 मध्ये फोक्सवॅगनमध्ये पूर्ण विलीन झाली आणि जेट्टा-गोल्फच्या सावलीत गेली. गाडी तीच.

मी व्यापार कायद्याचं काम करते, म्हणून एक जुनं प्रकरण सांगते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपीय समुदायाने अमेरिकेविरुद्ध गॅटकडे, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या व्यवस्थेकडे, तक्रार नेली. त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेचे तीन नियम मिळून युरोपच्या महागड्या गाड्यांनाच झोडपतात: 30 हजार डॉलरवरच्या गाड्यांचा चैनीचा कर, फार पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवरचा 'गॅस गझलर' कर आणि ही कॅफे. ऑक्टोबर 1994 मध्ये निवाडा आला. पहिले दोन कर चालतील, असं तक्रार ऐकणाऱ्या मंडळाने म्हटलं, कारण 30 हजार डॉलरची किंवा गॅलनला साडेबावीस मैलांची रेषा काही देश बघून आखलेली नाही. कॅफेमधली एक गोष्ट मात्र खटकली: देशात बनलेल्या आणि आयात केलेल्या गाड्यांची सरासरी वेगवेगळी काढणं. तो निवाडा कधी स्वीकारला गेला नाही, त्यामुळे बदललं काहीच नाही.

ती वेगळी मोजणीही मूळ देशी कामगारांसाठी होती, कंपन्यांनी छोट्या गाड्या बाहेरून आणून सरासरी भरू नये म्हणून. पण फोर्डने 1990 च्या दशकात क्राऊन व्हिक्टोरियाचे काही सुटे भाग मेक्सिकोहून घेतले, देशी भागांचं प्रमाण 75 टक्क्यांखाली आणलं आणि ती अवाढव्य गाडी कागदोपत्री 'आयात' झाली. आयात गाड्यांच्या सरासरीत तिला सामावून घ्यायला जागा होती.

डावखुरा

मला एक कळत नाही. श्रीमंत माणूस मोठी गाडी घेतो, जास्तीचं पेट्रोल स्वतःच्या पैशाने भरतो, कंपनी सरकारला दंड देते. सरकारी तिजोरीत भर पडते. अशा गाड्या एकूण बाजारात किती, तर मूठभर. तेल वाचवायचं तर पिकअप आणि सगळीकडे दिसणाऱ्या एसयूव्हीकडे बघा. या कंपन्यांना बोल लावण्यात काय मतलब?

मिशिगनकर

डावखुरा, पिकअप-एसयूव्हीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. किंबहुना महागड्या कंपन्यांनीही तोच रस्ता धरला. 'लाइट ट्रक'चा निकष पहिल्यापासून मोटारींपेक्षा सैल आहे. चारही चाकांना ताकद आणि जमिनीपासून पुरेशी उंची असली की गाडी ट्रकमध्ये मोडू शकते. मर्सिडीजने 1997 मध्ये अलाबामात एम-क्लास काढायला सुरुवात केली, बीएमडब्ल्यूने साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गला एक्स5. लोकांना त्या हव्याच होत्या, हे खरं. पण त्यांच्या उंचीने त्यांना सोप्या परीक्षेला बसवलं हेही खरं. सुमेधाताईंनी उल्लेख केलेला गॅस गझलर कर तर एसयूव्हीला अजिबातच लागत नाही. साडेबावीस मैलांखालच्या सेडानला 1000 डॉलर, साडेबाराखाली गेली तर 7700. आणि तेवढंच पिणाऱ्या उंच गाडीला शून्य. त्या कराचा एक गुण मात्र मानतो. तो काचेवरच्या कागदावर छापलेला असतो, घेणाऱ्याला दिसतो. कॅफेचा दंड गिऱ्हाइकाला कधीच दिसला नाही, तो किमतीत मुरला.

राहता राहिलं, पैसे भरले तर बिघडलं कुठे. बिघडलं ते दरात. कायदा करणाऱ्यांना पेट्रोल वाचवायचं होतं, तिजोरी भरायची नव्हती. 1975 चे 5 डॉलर महागाईबरोबर वाढले असते तर 2015 पर्यंत वीसच्या वर गेले असते. ते साडेपाचच राहिले.

पैसे भरून सुटायची सोय काढून घेतली की काय होतं तेही आपण पाहिलंय. 2012 च्या मॉडेलपासून पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, कार्बन डायऑक्साइडचा निकष आला, आणि तो हवाशुद्धी कायद्याखाली. तिथे कमी पडलं तर तीन वर्षांत भरून काढावं लागायचं, नाहीतर विक्रीचं प्रमाणपत्रच धोक्यात यायचं. पहिली चार वर्षं छोट्या कंपन्यांना थोडी सवलत दिली होती, मर्सिडीज आणि जॅग्वार-लँड रोव्हरने ती घेतली, नंतर ती संपली. त्याच सुमारास आमच्या क्षेत्रात टर्बो, आठ-नऊ गिअर, सिग्नलला बंद पडणारी इंजिनं, 48 व्होल्टची हायब्रिड यंत्रणा हे सगळं महागड्या गाड्यांत धडाधड आलं. त्याला इतरही कारणं होती, युरोपचे नियम होते, स्पर्धा होती. तरी मीटिंगमध्ये 'दंड भरून टाकू' हे वाक्य उच्चारता येत नव्हतं, याचा फरक मी स्वतः अनुभवलाय.

सुमेधा

दराचा विषय निघालाच आहे तर त्यावरची लढाई थोडक्यात सांगते, कारण शून्य डॉलर अचानक आकाशातून पडलेले नाहीत. 2015 च्या एका कायद्याने सगळ्या सरकारी दंडांना महागाईची जोड द्यायला लावली. त्यानुसार 2016 मध्ये साडेपाचाचे 14 डॉलर ठरले, 2019 च्या मॉडेलपासून. मोटार कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं की याने उद्योगावर वर्षाला किमान 1 अब्ज डॉलरचा बोजा पडेल. 2017 मध्ये नव्या सरकारने वाढ लांबणीवर टाकली. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने 2018 मध्ये ते रद्द केलं. 2019 मध्ये सरकारने साडेपाचच कायम केले. न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये तेही रद्द केलं. जानेवारी 2021 मध्ये पुन्हा लांबणीवर, मार्च 2022 मध्ये पुन्हा 14. मग 2022 च्या मॉडेलला 15, पुढे 16, 17. पाच मैलांची तूट असेल तर 275 चे 850 डॉलर होणार होते. न्यायालयात दोनदा हरल्यावर उरला मार्ग काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, आणि तिथे दरच पुसला गेला.

मिशिगनकर

धन्यवाद, हे इतकं सुसूत्र मी कुठे वाचलं नव्हतं. पूरक माहिती: अलीकडच्या वर्षांत दंडाचा मोठा मार बसला तो मर्सिडीजला नव्हे, स्टेलांटिसला (जीप, डॉजची आताची मालक कंपनी). 2016 ते 2019 साठी जवळजवळ 40 कोटी डॉलर, नंतर आणखी 19 कोटी. जनरल मोटर्सने 2016 आणि 2017 साठी 12 कोटी 82 लाख. जीप, डॉज आणि मोठ्या पिकअपवाल्यांनी महागड्या युरोपीय कंपन्यांची जागा घेतली.

अनघा (स्टुटगार्ट)

इकडची बाजू. युरोपात मायलेज नाही, किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइडचे ग्रॅम मोजतात. 2015 ला 130, 2020-21 ला 95, जुन्या चाचणीप्रमाणे. दंड दर जास्तीच्या ग्रॅमला गाडीमागे 95 युरो. अमेरिकेच्या मानाने हा दर फार कडक. 20 ग्रॅम चुकले तर गाडीमागे 1900 युरो, आणि एवढा आकडा संचालक मंडळाला दिसतो.

पण इकडेही दारं आहेतच. युरोपात वर्षाला 10 हजारांहून कमी गाड्या विकणाऱ्याला स्वतःचं वेगळं उद्दिष्ट मागता येतं. 10 हजार ते 3 लाख विकणाऱ्यांसाठी आणखी एक सवलत, जॅग्वार-लँड रोव्हरने तीच घेतली: 95 ग्रॅम नाही, तर 2007 च्या स्वतःच्या आकड्यापेक्षा 45 टक्के कपात. 2020 मध्ये तेवढंही जमलं नाही आणि कंपनीने दंडापोटी साडेतीन कोटी पौंड बाजूला काढले. तिसरं दार सामायिक हिशोबाचं. 2019 मध्ये फियाट क्रायस्लरने टेस्लाला पैसे देऊन तिच्या गाड्या आपल्या सरासरीत धरल्या. 2024 मध्ये टेस्लाला जगभरातून अशा क्रेडिटच्या, म्हणजे निकषापेक्षा चांगल्या कामगिरीबद्दल मिळणाऱ्या गुणांच्या, विक्रीचे 2.76 अब्ज डॉलर मिळाले. अमेरिकेतला दर शून्य झाल्यावर त्या क्रेडिटला तिथे कोण विचारणार?

फोर्डच्या छत्रीचा मुद्दा वाचून मला अ‍ॅस्टन मार्टिन सिग्नेट आठवली. 2007 मध्ये फोर्डने अ‍ॅस्टन विकली. 2011 मध्ये त्यांनी टोयोटाची चिमुकली आयक्यू घेतली, पुढे आपली जाळी लावली, आत चामडं चढवलं आणि 30 हजार पौंडांच्या वर किंमत ठेवली. उत्सर्जनाची सरासरी खाली आणणं हा त्यामागचा एक हेतू होता. दोन वर्षांत बंद पडली, ब्रिटनमध्ये दीडशेही खपल्या नाहीत. मला त्या गाडीबद्दल राग नाही. त्या कंपनीला मोठी व्ही8 आणि व्ही12 इंजिनं (आठ आणि बारा सिलिंडरची) सोडून दुसरं काही येत नव्हतं, आणि विकत आणलेल्या छोट्या गाडीने ते बदलणारही नव्हतं.

मला खरा राग आहे तो प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि तार लावून चार्ज करायची बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्यांचा. अडीच टनांची गाडी, कागदावर 20-30 ग्रॅम. मार्च 2024 मध्ये युरोपीय आयोगाने गाड्यांतल्या मीटरवरून प्रत्यक्ष वापर प्रसिद्ध केला. प्लग-इन हायब्रिडचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. कारण लोक चार्ज करत नाहीत, विशेषतः कंपनीने दिलेली गाडी आणि पेट्रोलचं कार्ड असेल तेव्हा. आता हिशोबाचं सूत्र 2025 आणि 2027 मध्ये टप्प्याटप्प्याने कडक होतंय. पण दुसरीकडे 2025 चं उद्दिष्ट एकाच वर्षात न गाठता 2025 ते 2027 च्या सरासरीत गाठायची मुभाही दिली.

व्ही8

अनघाताई, हायब्रिडबद्दल सहमत, आणि गाड्यांवर प्रेम करणारा म्हणून आणखी एक दुखणं सांगतो. मर्सिडीजच्या एएमजी सी63 चं चार लिटरचं व्ही8 काढून 2022 मध्ये दोन लिटर, चार सिलिंडर आणि बॅटरी बसवली. ताकद वाढली, कागदावरचे ग्रॅम घटले, वजन 2100 किलोच्या वर गेलं. ज्यांनी ती गाडी आवाजासाठी घेतली असती त्यांनी घेतली नाही. नियम हवेत, मी त्यांच्या बाजूचा आहे. पण नियमाने हलकी गाडी बनवणाऱ्याला बक्षीस मिळायला हवं होतं, इथे जड गाडीला मिळालं. लोटससारख्या कंपनीने कित्येक दशकं वजन कमी करण्याचं काम केलं, त्याची कदर कुठल्याच तक्त्यात नीट होत नाही. अमेरिकेत 2011 पासून तर गाडीच्या चाकांमधलं क्षेत्रफळ जेवढं मोठं तेवढा निकष सैल.

तळजाई

आणि फरारी? तिची सरासरी तर कशातच बसणार नाही.

मिशिगनकर

फरारी बरीच वर्षं फियाटच्या घरात होती. 2016 च्या सुरुवातीला वेगळी झाली आणि छोट्या उत्पादकाची सवलत तिच्यासाठी महत्त्वाची ठरली. अमेरिकेच्या कॅफेमध्ये जगभरात वर्षाला 10 हजारांहून कमी गाड्या बनवणाऱ्याला वेगळा निकष मागता येतो. ईपीएची मर्यादा निराळी होती, अमेरिकेतल्या 5 हजार विक्रीची. फरारी, मॅक्लारेन, अ‍ॅस्टन मार्टिन, लोटस या चौघांना तिथे स्वतंत्र निकष मिळाले. 2019 मध्ये फरारीने 10 हजारांचा आकडा ओलांडला, 10,131 गाड्या.

मर्सिडीजवर एक नोंद राहिली होती. मायलेजचा दंड इतकी वर्षं भरून जेवढे पैसे गेले, त्याच्या कैक पट एका फटक्यात गेले ते 2020 मध्ये, डिझेल गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात. सुमारे अडीच लाख गाड्या, सरकारशी तडजोड 1.5 अब्ज डॉलरची. तोही हवाशुद्धी कायदाच. कुठल्या कायद्याला कंपन्या का घाबरतात ते यावरून कळतं. म्हणूनच जुलै 2025 मध्ये ईपीएने त्या कार्बन निकषांचा पायाच काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला, ते मला दंड शून्य होण्यापेक्षा जास्त गंभीर वाटलं.

चाकणकर

आता भारताचं विचारतो, कारण मर्सिडीज इथे चाकणला, ऑडी शेंद्र्याला आणि जॅग्वार-लँड रोव्हर पुण्यात जोडली जाते. आपल्याकडे कॅफे 2017-18 पासून आहे, 2022-23 पासून दुसरा टप्पा, साधारण 113 ग्रॅमचा. उद्दिष्ट गाड्यांच्या सरासरी वजनावर ठरतं, म्हणजे जड गाड्या विकणाऱ्याला मुळातच सैल. 2022 च्या दुरुस्तीने दंड ठरला: 10 लाखांपर्यंतची मूळ रक्कम, शिवाय 100 किलोमीटरला 0.2 लिटरपर्यंत कमी पडलात तर गाडीमागे 25 हजार रुपये, त्याहून जास्त कमी पडलात तर 50 हजार.

म्हणजे सहा लाखांच्या गाडीवर 50 हजार म्हणजे आठ टक्क्यांच्या वर. 80 लाखांच्या गाडीवर एक टक्काही नाही. आणि 0.2 लिटरच्या पुढे कितीही चुकलात तरी रक्कम तीच. तुमच्या 275 डॉलरचीच ही गोष्ट झाली ना?

मिशिगनकर

हो, आणि एका बाबतीत अमेरिकेहूनही वाईट. इथे निदान दर दशांशाला दंड वाढत होता, चूक मोठी तर रक्कम मोठी. 0.2 लिटरला कुंपण घातलं की त्यापलीकडे एक लिटर चुकलेल्या कंपनीला सुधारायला काही कारणच उरत नाही, कारण अर्धा लिटर वाचवूनही रक्कम 50 हजारच राहते. भारतात महागड्या कंपन्या विजेच्या गाड्या बऱ्या प्रमाणात विकतात आणि सरासरी काढताना विजेची एक गाडी तीन धरतात, त्यामुळे त्यांच्यावर ही वेळ सहसा येणार नाही. ज्यांच्याकडे स्वस्त गाड्याच आहेत त्यांच्यावर येईल.

तिसरा टप्पा एप्रिल 2027 पासून आहे आणि मसुद्यावरची सगळी भांडणं छोट्या गाड्यांना वजनाची सूट द्यायची की नाही यावर चालली आहेत. तो मसुदा अधिसूचनेने बदलता येतो. हे 25 आणि 50 हजार मात्र ऊर्जा संवर्धन कायद्यातच लिहिलेत. ते किमतीच्या किंवा चुकीच्या प्रमाणात करायचे तर संसदेत जावं लागेल, आणि ती मागणी करताना अजून मला कुणी दिसलेलं नाही. चाकणकर, तुमच्या संघटनेच्या बैठकीत हा विषय निघाला असेल तर इथे जरूर लिहा.